यंत्राचे हात आणि माणसांचा हिशेब

मराठी भाषेने माणसाच्या शरीरातील बहुतेक अवयवांना कामाला लावले आहे. आपले काळीज धडधडते, आतडे तुटते, पित्त खवळते, आणि दुसऱ्याचा अपराध आपण पोटात घालतो. स्वादुपिंड मात्र या सगळ्यातून सुटले. त्याच्या नावाचा एकही वाक्प्रचार निदान माझ्या तरी कानावर आलेला नाही. ज्याची ओळखच नाही, त्याच्याविषयी भाषा तरी काय बोलणार?

हा अवयव असतो जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून. लांबीला वीतभर, वजनाला शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. डोके, मान, धड आणि शेपूट असे त्याचे भाग पाडलेले आहेत. डोके लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात रुतलेले, आणि मानेच्या मागून यकृताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी गेलेली. अन्न पचवणारा जहाल रस तयार करणे हे त्याचे एक काम आणि इन्सुलिन तयार करणे हे दुसरे. टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन वेगळे काढले, तेव्हापासून या अवयवाचे नाव निदान मधुमेहाच्या निमित्ताने तरी घराघरात गेले. त्याच्या कर्करोगाची ओळख मात्र महाराष्ट्र-गोव्यातील अनेकांना मनोहर पर्रीकरांच्या आजारपणातून झाली. १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. नाकात नळी असताना कामावर हजर राहणाऱ्या त्या मुख्यमंत्र्याची छायाचित्रे पुष्कळांच्या लक्षात असतील.

हा रोग आत दडून वाढतो. डोक्याच्या भागात गाठ असेल तर पित्ताची वाट अडते, कावीळ होते आणि त्यामुळे तो त्यातल्या त्यात लवकर सापडतो. एरवी निदान होईपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. निदानाच्या वेळी ज्यांची गाठ काढून टाकणे शक्य असते, असे रुग्ण शंभरात पंधरा ते वीसच. म्हणजे 'ऑपरेशन करता येईल' हे वाक्य कानावर पडणे हेच या आजारात नशीब समजायचे. आणि नेमक्या त्या क्षणी, घरातली माणसे अजून धक्क्यातून सावरलेली नसताना, अलीकडे त्यांच्यापुढे एक नवा प्रश्न ठेवला जातो. साधे ऑपरेशन करायचे की रोबोने?

हा प्रश्न आज अनेक कुटुंबांपुढे येतो आहे, आणि तो ज्या पद्धतीने विचारला जातो ती पद्धत मला बरोबर वाटत नाही. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. तरीही या प्रश्नात शरीरशास्त्राइतकाच जोखमीचा, किमतीचा आणि विश्वासाचा भाग आहे, आणि त्या तीन गोष्टींशी माझा नोकरीत रोजचा संबंध आला आहे.

आधी शस्त्रक्रियेविषयी. स्वादुपिंडाच्या डोक्यावरची गाठ काढायची तर केवळ गाठ काढून भागत नाही. स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा तुकडा आणि कधी जठराचा थोडा भाग असे सगळे एकत्र काढावे लागते. मग तीन जोड करायचे. उरलेले स्वादुपिंड आतड्याला, पित्तनलिका आतड्याला, आणि जठर आतड्याला. यातला पहिला जोड सर्वांत धोक्याचा. स्वादुपिंडाची नळी कित्येकदा दोन-तीन मिलिमीटरची, आणि अवयव लोण्यासारखा मऊ. टाका जरा जास्त ओढला तर तो कापत जातो. जोड गळला तर मांस पचवणारा रस पोटात पसरतो आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना कुरतडू लागतो.

न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये या शस्त्रक्रियेवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला आणि तिला त्यांचेच नाव पडले. त्यापूर्वी १९०९ मध्ये जर्मनीत वाल्थर काउश यांनी ती दोन टप्प्यांत करून पाहिली होती. खुद्द व्हिपल यांनी सबंध कारकिर्दीत ती केली अवघी ३७ वेळा. पुढे १९६० आणि ७० च्या दशकांत परिस्थिती अशी होती की या शस्त्रक्रियेनंतर चारांतला एक रुग्ण दगावत असे, आणि ती करूच नये असे म्हणणारे शल्यचिकित्सक होते. आज चांगल्या केंद्रांत हे प्रमाण शंभरात तीन-चारांच्या घरात, काही ठिकाणी त्याहूनही खाली आले आहे.

ही सुधारणा कशाने झाली? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील जॉन कॅमेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ओळीने १४५ व्हिपल शस्त्रक्रिया एकही मृत्यू न होता पार पाडल्याचे प्रसिद्ध केले. त्या वेळी रोबो नव्हता. पोट नेहमीसारखे उघडले जात होते. बदलले होते ते इतकेच, की सीटी स्कॅन आला होता, भूलशास्त्र आणि अतिदक्षता विभाग सुधारले होते आणि मुख्य म्हणजे हीच शस्त्रक्रिया आठवड्यामागून आठवडे करणारी एक तयार मंडळी एका ठिकाणी जमली होती. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानेही आपल्या पाचशे व्हिपल शस्त्रक्रियांचा आढावा २०१३ मध्ये मांडला, तेव्हा कामाची फेररचना केल्याने निकाल सुधारले, हाच त्याचा निष्कर्ष होता.

आता यंत्राकडे येऊ. मोठा छेद घेण्याऐवजी पोटाला चार-पाच छिद्रे पाडून दुर्बिणीने शस्त्रक्रिया करण्याची कल्पना पहिल्यांदा आली तेव्हा तिची थट्टाच झाली. जर्मनीत एरिक म्यूह यांनी १९८५ मध्ये अशा रीतीने पित्ताशय काढले, तर त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांना वेड्यात काढले. भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले. आज पित्ताशयासाठी पोट उघडायचे म्हटले तर घरचे लोक कारण विचारतील. नव्या तंत्राकडे संशयाने पाहणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये, आणि मीही तो विसरून लिहीत नाही.

पण पित्ताशय काढणे वेगळे आणि व्हिपल वेगळे. पित्ताशय काढल्यावर फारसे काही जोडायचे नसते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतली हत्यारे लांब आणि सरळ असतात, त्यांना मनगट नसते. फूटभर लांबीच्या दोन चिमट्यांनी, पडद्यावर पाहत, दोन मिलिमीटरच्या नळीला केसासारख्या धाग्याने टाके घालायचे, हे किती माणसांना जमेल? माँट्रियलच्या मिशेल गान्ये आणि अलेन पोम्प यांनी १९९४ मध्ये दुर्बिणीने केलेल्या पहिल्या व्हिपलची हकिकत प्रसिद्ध केली, पण त्यानंतर कितीतरी वर्षे फारसे कुणी त्या वाटेला गेले नाही.

ही मनगटाची उणीव रोबोने भरून काढली. कॅलिफोर्नियातील कंपनीच्या 'दा विंची' यंत्राला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० मध्ये परवानगी दिली, आणि इटलीतील ग्रोसेतो गावच्या रुग्णालयात जुलियानोत्ती यांनी लवकरच ते स्वादुपिंडासाठी वापरले. २००३ मधल्या त्यांच्या अहवालात त्या शस्त्रक्रिया आहेत. शल्यचिकित्सक रुग्णापासून काही फुटांवर एका आसनावर बसतो. डोळ्यांपुढे पोटाच्या आतले चित्र, खोलीसह दिसणारे आणि दसपट मोठे केलेले. त्याची बोटे हलतात तशी पोटातली हत्यारे हलतात, हाताचा कंप गाळला जातो आणि हत्याराचे टोक माणसाच्या मनगटापेक्षाही अधिक वळते. हातांना स्पर्श कळत नाही ही जुनी तक्रार होती. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या नव्या यंत्रात तीही काही प्रमाणात दूर करण्याचा प्रयत्न आहे. यंत्र नामी आहे, यात शंका नाही.

गैरसमज होतो तो नावामुळे. 'रोबोट' हा शब्द जगाला दिला चेक लेखक कारेल चापेक यांनी, १९२० मध्ये लिहिलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून. तो त्यांना सुचवला त्यांच्या भावाने, आणि त्याचे मूळ आहे 'रोबोटा', म्हणजे वेठ. शस्त्रक्रियेचा रोबो या मूळ अर्थाला जागणारा आहे. तो वेठीला धरलेला गडी आहे. स्वतःच्या बुद्धीने तो एक टाकाही घालत नाही. आसनावर बसलेला माणूस निष्णात असेल तर त्याचे कौशल्य यंत्र पोटात नेते, आणि तो नवखा असेल तर त्याचे नवखेपणही तितक्याच इमानाने पोटात नेते.

बँकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, तो काळ मला आठवतो. त्याआधी पासबुके हाताने लिहिली जात. ग्राहक घरी जाऊन पेन्सिलीने बेरीज तपासत आणि चार आण्यांचा फरक निघाला तरी दुसऱ्या दिवशी काउंटरवर हजर होत. यंत्राने छापलेली पाने येऊ लागली आणि ही पडताळणी हळूहळू थांबली. छापलेले ते खरेच असणार! एका शाखेत, तिचे नाव सांगण्याचे कारण नाही, मुदत ठेवींच्या एका प्रकाराचा व्याजदर यंत्रात चुकीचा भरला गेला होता. सगळ्या ठेवीदारांचे व्याज एकसारखे, सुबक आणि चुकीचे छापून येत राहिले. तो घोटाळा उघडकीस आणला एका निवृत्त शिक्षकांनी. ते अजूनही कागदावर हिशेब करीत. यंत्रे वाईट होती असे मी म्हणणार नाही. पुढे त्यांच्यावाचून बँका चालल्याच नसत्या. मात्र यंत्र आले की माणसाला प्रश्न विचारण्याची आपली सवय मोडते, हे मी तेव्हापासून पाहत आलो आहे.

आता स्वादुपिंडाच्या बाबतीत पडताळणी काय सांगते ते पाहू. नेदरलँड्समध्ये दुर्बिणीने केलेले व्हिपल आणि पोट उघडून केलेले व्हिपल यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली गेली. निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पाहणी मध्येच थांबवावी लागली. दुर्बिणीच्या गटातील ५० पैकी पाच रुग्ण तीन महिन्यांत गुंतागुंत होऊन दगावले, तर पोट उघडलेल्या ४९ पैकी एक. आकडे लहान आहेत आणि त्यांवरून अंतिम निवाडा देता येत नाही, पण हे शल्यचिकित्सक काही नवशिके नव्हते. त्यांनी खास प्रशिक्षण घेतले होते. याच्या उलट आपल्याच देशात, कोइम्बतूरला, डॉ. पलनिवेलू यांच्या चमूने ६४ रुग्णांची अशीच तुलना २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे दुर्बिणीचे रुग्ण साधारण सात दिवसांत घरी गेले आणि दुसऱ्या गटातले तेरा दिवसांत. तंत्र एकच आणि निकाल दोन. कोइम्बतूरच्या मंडळींचा दुर्बिणीवरचा हात कित्येक वर्षांचा होता, हे त्याचे मोठे कारण असावे असे मला वाटते.

खास रोबोविषयीचे दोन महत्त्वाचे निकाल २०२४ मध्ये आले. चीनमधील पाहणीत रोबोने व्हिपल झालेले रुग्ण सरासरी ११ दिवसांत घरी गेले, तर पोट उघडलेले साडेतेरा दिवसांत. गुंतागुंतीच्या प्रमाणात मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. तिथले शल्यचिकित्सक रोबो शिकण्याचा टप्पा ओलांडून गेलेले होते. जर्मनीत हायडेलबर्गच्या पाहणीत एकंदर गुंतागुंत सारखीच निघाली आणि रोबोचा खर्च जास्त. स्वादुपिंडाच्या शेपटीकडच्या भागाची शस्त्रक्रिया यापेक्षा सोपी, कारण तिथे तीन जोड करायचे नसतात. तिथे लहान छिद्रांच्या पद्धतीचा फायदा बराच स्पष्ट आहे. २०१९ च्या एका डच पाहणीत असे रुग्ण सहाऐवजी चार दिवसांत हिंडू-फिरू लागले होते. म्हणजे 'रोबो चांगला की वाईट' हा प्रश्नच फार ढोबळ आहे. कुठल्या शस्त्रक्रियेसाठी आणि कुणाच्या हातात, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आणि 'कुणाच्या हातात' याचे उत्तर आकड्यांत मिळते. अमेरिकेत २००२ मध्ये वृद्धांच्या सरकारी विमा योजनेतील रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या रुग्णालयांत स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया अगदी विरळा होत, तिथे मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के होते. जिथे त्या वर्षाला सोळांहून अधिक होत, तिथे ते ३.८ टक्के होते. रोग तोच आणि देशही तोच. नेदरलँड्सने पुढे व्हिपल करणाऱ्या रुग्णालयाला वर्षाला निदान वीस शस्त्रक्रियांची अट घातली. इतका मोठा फरक पाडणारे यंत्र अजून कुणी बनवलेले नाही.

याच डच मंडळींनी २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेत रुग्ण टेबलावर क्वचितच जातो. तो जातो पाचव्या-सातव्या दिवशी, जोड गळतो आणि ते वेळेवर ओळखले जात नाही तेव्हा. म्हणून त्यांनी देशातल्या सतराही केंद्रांत एक साधी शिस्त लावली. रोज ठरावीक तपासण्या, ठरावीक आकड्यांपलीकडे गेले की सीटी स्कॅन, आणि गरज पडताच नळी घालून साचलेला रस बाहेर. तीन महिन्यांतील मृत्यू पाच टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आले. या शिस्तीला कोट्यवधींचे यंत्र लागले नाही. आपल्याकडे तिची जाहिरात मात्र कुठल्याच चौकात दिसत नाही, कारण दक्ष परिचारिकेचे आणि रात्री अकराला फोन उचलणाऱ्या रेडिओलॉजिस्टचे चित्र फलकावर शोभत नाही.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला कावीळ झाली आणि तपासण्यांत पित्तनलिकेच्या तोंडाशी गाठ निघाली. त्याच्या मुलाचा मला फोन आला. रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी त्याला दोन दर सांगितले होते, साधा आणि रोबोटिक. दोहोंत दोन लाखांहून अधिक फरक. मुलगा म्हणाला, "काका, पैशांचं मी बघतो. बाबांसाठी जे चांगलं असेल तेच करायचं. उद्या मनाला लागून राहायला नको."

हे शेवटचे वाक्य मला फार खोलवर लागले. आपल्या मध्यमवर्गीय घरांत वैद्यकीय निर्णय पुष्कळदा असेच होतात. महाग ते चांगले, आणि ते न घेतल्यास आपण कमी पडलो. आजारी बापासाठी स्वस्त पर्याय निवडला, हे ओझे कुठलाही मुलगा जन्मभर वागवू इच्छित नाही. दरपत्रक पुढे करणाऱ्याला हे ठाऊक नसते असे मानायला मी तयार नाही.

मी त्याला म्हटले, "पैशांचं नंतर. आधी डॉक्टरांना भेट आणि विचार, हे ऑपरेशन तुम्ही स्वतः वर्षाला किती करता, आणि त्यांतली रोबोनं किती केलीत?" त्याला हे विचारणे उद्धटपणाचे वाटत होते. तरी त्याने विचारले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सरळ सांगितले की रोबोने त्यांनी इतर शस्त्रक्रिया पुष्कळ केल्या आहेत, पण हीच शस्त्रक्रिया रोबोने एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. "माझ्या वडिलांची असती तर मी ती जिथं रोज होते तिथं पाठवली असती," असेही ते म्हणाले. मला त्या डॉक्टरांविषयी फार आदर वाटतो. सहकाऱ्याची शस्त्रक्रिया दुसरीकडे, पोट उघडून झाली. जोड थोडा गळलाच. तीन आठवडे पोटात नळी होती, मग तो घरी आला. आता जेवताना पाचक रसाच्या कॅप्सूल घेतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखे वाटेल असे विनोद करतो. रोबो न वापरल्यामुळे तो वाचला, असे मी म्हणणार नाही. पण उत्तर माहीत नसते तर त्याचा मुलगा दोन लाख रुपये कशासाठी देत होता?

शिकण्याचा टप्पा हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग. पिट्सबर्ग विद्यापीठाने आपल्या ओळीने २०० रोबोटिक व्हिपल शस्त्रक्रियांचा हिशेब २०१५ मध्ये प्रामाणिकपणे मांडला. रक्तस्राव आणि ऐनवेळी पोट उघडावे लागण्याचे प्रमाण सुधारले पहिल्या वीसांनंतर, जोड गळण्याचे प्रमाण चाळिसांनंतर, आणि लागणारा वेळ ऐंशींनंतर. हे जगातल्या नावाजलेल्या केंद्राचे आकडे आहेत. मग जिथे वर्षाला पाच-सहा व्हिपल होतात तिथे चाळिसावा रुग्ण कधी येणार? आणि तोवरच्या एकोणचाळिसांना आपण शिकवणीच्या वर्गात झोपलो आहोत हे कुणी सांगितले?

कुणी म्हणेल, मग नवे तंत्र कुणी शिकूच नये काय? पहिले पित्ताशयही कुणावर तरी शिकूनच काढले होते. हा आक्षेप खरा आहे. म्हणून शिकण्याची पद्धत महत्त्वाची. नेदरलँड्समध्ये रोबोटिक व्हिपलसाठी आखलेल्या शिक्षणक्रमात आधी संगणकावरचा सराव, मग कृत्रिम ऊतींवर जोड घालण्याचा सराव, आणि नंतर पहिल्या शस्त्रक्रियांना अनुभवी शल्यचिकित्सक शेजारी उभा, असा क्रम ठेवला. शिकणे रुग्णाच्या पोटात सुरू होऊ नये, एवढेच मागणे आहे. याशिवाय माझे एक बँकवाल्याचे मागणेही आहे. ज्याच्या शरीरावर तुमचा हात बसतो आहे, त्याच्याकडून त्याच शिकण्याचे जादा पैसे घेऊ नका. कर्ज देताना आम्ही एक नियम पाळत असू, की जोखीम घेणाऱ्याला परतावा मिळाला पाहिजे. इथे जोखीम रुग्णाची, जादा रक्कम रुग्णाची, आणि परतावा अनुभवाच्या रूपाने दुसऱ्याच्या खात्यावर जमा.

यंत्राचे अर्थकारणही समजून घ्यावे. यंत्र एकदाच विकत घेतले जाते, पण त्याच्या हातांवर बसणारी हत्यारे ठरावीक वेळा वापरली की बाद होतात. यंत्र स्वतः मोजदाद ठेवते. या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीच्या उत्पन्नापैकी चार पंचमांशांहून अधिक वाटा हत्यारे, देखभाल अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या रकमांचा असतो. मोठे भांडवल गुंतवलेले यंत्र रिकामे ठेवणे कुठल्याही व्यवस्थापनाला परवडत नाही. कर्जाचा हप्ता भरण्यासाठी कारखाना तीन पाळ्यांत चालवणारे उद्योजक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत गैर काही नाही. मात्र रुग्णालयात पाळी भरण्यासाठी माणसे लागतात, हे ध्यानात ठेवावे. भारतीय बनावटीचे 'एसएसआय मंत्रा' हे यंत्र २०२२ मध्ये बाजारात आले, स्पर्धेने किमती उतरतील अशी आशा आहे. विमा नियामकाच्या नियमांमुळे रोबोटिक शस्त्रक्रिया ऑक्टोबर २०२० पासून आरोग्य विम्याच्या कक्षेत आली, पण अनेक पॉलिसींत तिच्यावर रकमेची मर्यादा घातलेली असते. ती आधी वाचून ठेवलेली बरी.

कायदा आपल्या बाजूने आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की संमती घेताना उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके आणि उपलब्ध पर्याय रुग्णाला पुरेसे समजावून सांगितले पाहिजेत. माझ्या मते या विशिष्ट शस्त्रक्रियेचा त्या हातांचा अनुभव हाही 'पुरेशा' माहितीचाच भाग आहे. बँकेला आपली थकीत कर्जे ताळेबंदात दाखवावी लागतात, मग ती कितीही लाजिरवाणी असोत. रुग्णालयाने आपण वर्षाला किती व्हिपल करतो हा आकडा भिंतीवर लावायला काय हरकत आहे? मृत्यूंचे आकडे जाहीर केले तर डॉक्टर अवघड रुग्ण घेणारच नाहीत, अशी भीती सांगतात. ती निराधार नाही. म्हणून सुरुवात शस्त्रक्रियांच्या संख्येपासून करावी. एवढा एक आकडा जाहीर झाला तरी गावोगावचे रुग्ण कुठे जायचे ते ठरवू शकतील. राज्य सरकारने आपल्या आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांपासून तरी हे सुरू करावे.

तोवर आपणच विचारायचे. हे ऑपरेशन इथे वर्षाला किती होते? यांच्या हातून किती आणि याच पद्धतीने किती? सातव्या दिवशी रात्री जोड गळला तर सीटी स्कॅन आणि नळी घालणारा डॉक्टर त्याच वेळी मिळेल का? आणि रोबोचे जादा पैसे माझ्या माणसाला नेमके काय देणार आहेत? ही चार वाक्ये एका कागदावर लिहून न्यावीत, कारण त्या खोलीत शिरल्यावर भल्याभल्यांना काही सुचत नाही. विचारण्यात अविश्वास नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. ज्याच्याकडे उत्तरे आहेत, तो ती आनंदाने देतो, मग तो रोबोच्या आसनावर बसणारा असो की हातात चाकू धरणारा. ज्याच्याकडे ती नाहीत, तिथून फाईल घेऊन उठावे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. त्यासाठी चार दिवस गेले तर चालतील का, हेही जाता जाता त्याच डॉक्टरांना विचारावे. बहुतेक वेळा चालतात.